गुन्हेगाराला भेटायचं की नाही, हे ठरवणार कोण?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शेने मोटारसायकलीला उडवलं. तिच्यावरचे दोघंही गेले. चोविशीतले संगणक अभियंते, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले. गाडी चालवत असल्याचा आरोप सतरा वर्षांच्या एका मुलावर होता. बाल न्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि त्यातली एक अट अशी निघाली, की आजही महाराष्ट्रात कुणाला कायद्याची टिंगल करायची असली की तो तिचीच आठवण काढतो: अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. मग जो गदारोळ झाला त्यात दोन तट पडले. एक म्हणाला, हीच तुमची सुधारणावादी न्यायव्यवस्था, निबंध लिहा आणि घरी जा. दुसरा म्हणाला, मुलांचा कायदा सुधारण्यासाठी आहे, तो जमावाच्या संतापावर चालवता येत नाही. दोन्ही तट हिरिरीने बोलले, आणि दोन्ही तट त्या मुलाबद्दलच बोलले. हा निबंध वाचणार कोण, हे फारसं कुणी विचारलं नाही. मध्य प्रदेशातल्या दोन घरांत आई-वडील बसले होते. त्या मुलाने समोर बसून आपलं ऐकावं असं त्यांना वाटत होतं का, की त्याचं तोंडही बघायची त्यांची इच्छा नव्हती? जामिनाच्या अटींत त्यांना जागाच नव्हती. चॅनेलवाल्यांनी त्यांच्यापुढे माइक धरले, ते शिक्षा किती हवी एवढंच वदवून घेण्यासाठी.

गुन्हा आणि शिक्षेवरच्या आपल्या बहुतेक वादांचं असंच होतं. फाशी द्या म्हणणारा आणि माणूस बदलू शकतो म्हणणारा, दोघांचंही लक्ष गुन्हेगारावर खिळलेलं असतं. पीडित व्यक्ती पहिल्याच्या भाषणात संतापाचं निमित्त म्हणून येते आणि दुसऱ्याच्या भाषणात क्षमाशीलतेचा दाखला म्हणून. गुन्हेगार आणि पीडित यांची भेट व्हावी का, हा प्रश्न निघाला की हेच दोन तट तसेच पुढे सरकतात: एकाला ती भेट म्हणजे गुन्हेगाराचे लाड वाटतात, दुसऱ्याला हृदयपरिवर्तनाचा सोहळा.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना, गुन्हेगाराला समोरासमोर भेटण्याचा हक्क असला पाहिजे आणि तो बजावता येईल अशी व्यवस्था सरकारने उभी केली पाहिजे. मात्र ही भेट गुन्हा शाबीत किंवा कबूल झाल्यानंतरची असावी, तिची मागणी पीडिताकडूनच यावी, आणि तिचा शिक्षेच्या एका दिवसावरही परिणाम होऊ नये. न्यायाधीश, सरपंच, समाजाचे पुढारी, धर्मगुरू, समुपदेशक यांपैकी कुणालाही ती घडवून आणायचा अधिकार नसावा. दार असावं, पण कडी पीडिताच्या बाजूला असावी. रिस्टोरेटिव्ह जस्टिसचे, म्हणजे गुन्हेगार आणि पीडित यांना समोरासमोर आणून झालेली हानी भरून काढू पाहणाऱ्या न्यायाचे, आपल्याकडचे समर्थक आणि विरोधक दाराबद्दल तावातावाने बोलतात, कडी कुठल्या बाजूला आहे ते मात्र पाहत नाहीत.

कडीने किती फरक पडतो ते पाहायचं तर इंदूरशी जोडलेल्या दोन राख्या शेजारी ठेवाव्यात. पहिली २००२ सालची. केरळच्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी शेतमजुरांमध्ये काम करत. सावकार-जमीनदारांना ते खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. सात वर्षांनी राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे तो सुटल्यावर केरळात तिच्या आई-वडिलांनाही भेटून आला. दुसरी राखी २०२० सालची. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एका आरोपीला जामीन दिला. शेजारणीच्या घरात घुसून तिचा हात धरल्याचा, तिचा विनयभंग केल्याचा त्याच्यावर आरोप होता. जामिनाची अट अशी: ३ ऑगस्टला, रक्षाबंधनाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्याने बायकोला बरोबर घेऊन, मिठाईचा डबा घेऊन त्याच बाईच्या घरी जावं, राखी बांधण्याची तिला विनंती करावी, यापुढे यथाशक्ती तुझं रक्षण करीन असं वचन द्यावं, ओवाळणीचे ११,००० रुपये द्यावेत, शिवाय तिच्या मुलाच्या कपड्यांसाठी आणि खाऊसाठी ५,००० द्यावेत. आणि या सगळ्याचे फोटो आणि पैशांची पावती कोर्टात दाखल करावी.

पावती! ज्या घरात घुसल्याचा आरोप, त्याच घराचा उंबरा कोर्टाच्या हुकमाने पुन्हा ओलांडायचा, आणि ती बाई ओवाळते आहे असा फोटो काढून फाइलला लावायचा. तिने नको म्हटलं असतं तर? आदेशात तिच्या नकाराला जागा नव्हती, कारण आदेश तिला नव्हताच. तो आरोपीला होता आणि ती त्यातली सामग्री होती, मिठाईच्या डब्यासारखी. काही महिला वकिलांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १८ मार्च २०२१ रोजी न्या. खानविलकर आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने ती अट रद्द केली आणि आरोपी-पीडित यांचा संपर्क घडेल अशी कोणतीही अट जामिनाला घालू नये, असं खालच्या न्यायालयांना बजावलं. राखी तीच, नातंही तेच जोडायचं, तरी पहिल्या प्रसंगी मान आपोआप लवते आणि दुसऱ्या प्रसंगी ओशाळं व्हायला होतं. सेल्मी स्वतः चालत गेली. खटला संपला होता, दोष ठरला होता, माणूस गजाआड होता, आणि मधे सात वर्षं गेली होती. उज्जैन जिल्ह्यातल्या त्या बाईच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

आता समोरच्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ते म्हणतात, हे हक्काबिक्काचं बोलणं कागदावर ठीक आहे, पण या देशात संमती मोकळी असते कुठे? गावात एका बाजूला पाटलाचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच शेतावर मजुरीला जाणारं घर असेल, तर भेटायला तयार आहेस का या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. हा मुद्दा खरा आहे, आणि तो खोटा म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारभर बसून यावं. आत साक्ष सुरू व्हायची असते. बाहेर बाकावर फिर्यादी बाई, तिचा भाऊ. आरोपीचा मेहुणा चहा घेऊन येतो, शेजारी बसतो, आवाज अगदी मऊ ठेवतो. “वहिनी, तीन वर्षं झाली. पोरीचं लग्न करायचंय ना? कशाला ताणता? त्याला पश्चात्ताप झालाय, पाया पडायला तयार आहे. आपसात मिटवून टाकू.” भाऊ खाली बघतो. पुढच्या तारखेला बाई कठड्यात उभी राहते आणि म्हणते, मला काही आठवत नाही. सरकारी वकील तिला फितूर जाहीर करायची परवानगी मागतात. न्यायाधीश लिहून घेतात. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकतं.

गावपातळीवर याला संस्थेचं रूपही आलेलं आहे. जात पंचायतींनी बलात्कारासारखे गुन्हे दंड घेऊन मिटवल्याच्या आणि तक्रार करणाऱ्या घरालाच वाळीत टाकल्याच्या कहाण्या इतक्या झाल्या की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला; तो २०१७ मध्ये लागू झाला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम ही गोष्ट वेगळी, तिचा हेतू चांगला होता, आणि बांधाचे, वाटेचे, पाण्याच्या पाळीचे कितीतरी वाद तिने कोर्टाबाहेर सोडवले. पण गावाला बक्षीस लावलं, की तंटा मिटवण्यात गावाचा हितसंबंध तयार होतो. मग ज्या एका घराला मिटवायचं नाही, ते घर गावाचं बक्षीस अडवणारं ठरतं. अॅट्रॉसिटीच्या तक्रारी मागे घेण्यासाठी कसा दबाव येतो, उलटी केस टाकून कसं नमवलं जातं, हे खेड्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नाही.

इतकं मान्य केल्यावर माझ्या हातात काय उरतं? बरंच उरतं. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रसंगात गाठभेट घडते ती निकालाच्या आधी. मांडवलीला किंमत असते ती निकाल लागेपर्यंतच. आरोपीला साक्ष विकत घ्यायची असते, पीडिताच्या हातात विकण्यासारखं तेवढंच असतं, आणि बाजार त्यावर भरतो. दोष ठरल्यानंतर, अपिलाचीही वाट पाहून झाल्यानंतर, पीडिताकडे विकण्यासारखं काही राहत नाही आणि गुन्हेगाराकडे विकत घेण्यासारखं काही राहत नाही. विषमतेचा मुद्दा त्यामुळे भेटीच्या विरोधात जात नाही. तो भेटीच्या वेळेबद्दल आहे, आणि भेटीतून काही मिळता कामा नये या अटीबद्दल आहे. २०१५ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बलात्काराच्या प्रकरणात दोषी ठरलेल्याला मध्यस्थीसाठी जामीन दिला, तेव्हा ते सगळंच एकाच वेळी चुकलं होतं: पुढाकार कोर्टाचा, अपील चालू, आणि बक्षीस म्हणून मोकळीक. त्याच वर्षी मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोडीचा विचारही करता येणार नाही असं ठणकावलं, आणि मद्रासचा तो आदेश मागे घेतला गेला. मदनलालचा निकाल तडजोडीबद्दल आहे. दहा वर्षांनी एखाद्या स्त्रीला तुरुंगात जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनवायचे असतील, तर ती तडजोड कशी होते?

शिवाय एक गोष्ट विरोधक लक्षात घेत नाहीत. पीडिताला संरक्षण म्हणून आपण त्याला गुन्हेगारापासून दूर ठेवतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात आपण त्याला माहितीपासूनही दूर ठेवतो. २००२ च्या गुजरात दंगलीत सामूहिक बलात्कार सोसलेल्या बिल्किस बानोंचा खटला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातबाहेर काढून मुंबईत चालवायला लावला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने त्या सगळ्यांना शिक्षेत सूट देऊन सोडलं, बाहेर हार-मिठाईने त्यांचं स्वागत झालं, आणि बिल्किसनी नंतर सांगितलं की इतका मोठा निर्णय घेण्याआधी त्यांच्या सुरक्षिततेची साधी चौकशीही कुणी केली नाही. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. कारण मुख्यतः अधिकारक्षेत्राचं होतं: खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून निर्णय महाराष्ट्र सरकारचा. तो निकाल योग्यच होता. पण सुटकेच्या प्रक्रियेत कैद्याची तुरुंगातली वर्तणूक, त्याचं वय, घरची परिस्थिती यांच्यासाठी रकाने होते, आणि जिच्या घरची इतकी माणसं कापली गेली तिच्यासाठी एकही नव्हता.

आपल्या सुधारणावादी परंपरेतही हा रकाना कधी नव्हता, हे कबूल करायला हवं. औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेला तुरुंग, कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटावा असाच तो प्रयोग आहे. १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि मानसिंगाच्या टोळीतल्या माणसांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या, तेही आपण कौतुकाने सांगतो. दोन्ही गोष्टींच्या मध्यभागी गुन्हेगाराचं बदलणं आहे. ज्यांची माणसं त्या बंदुकांनी मारली गेली ते कुठे होते, त्यांना काय वाटलं, हे या कथांच्या शेवटी आपल्याला कळत नाही, आणि आपल्यालाही ते विचारावंसं वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: भेटीने जखम भरण्याऐवजी चिघळली तर? चिघळते, आणि याचा सगळ्यात भयंकर पुरावा त्याच दक्षिण आफ्रिकेतून येतो जिचं नाव भेटीचे समर्थक उठता-बसता घेतात. वर्णद्वेषी राजवटीतले गुन्हे उघडपणे कबूल करणाऱ्याला माफी देऊ शकणाऱ्या सत्य व सलोखा आयोगापुढे १९९७ मध्ये केपटाऊनमध्ये जेफ्री बेन्झीन नावाच्या पोलिसाची सुनावणी झाली. कैद्याच्या डोक्यावर ओली पिशवी आवळून त्याला गुदमरवण्यात तो पटाईत होता. त्याच्या हातून छळ सोसलेले टोनी येंगेनी तोवर खासदार झाले होते. त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, कसं करायचास ते करून दाखव. एक माणूस जमिनीवर पालथा झोपला, बेन्झीन त्याच्या पाठीवर बसला आणि पिशवी कशी आवळायची ते त्याने दाखवलं. इथवर पारडं येंगेनींच्या बाजूला झुकलेलं होतं. मग बेन्झीनने त्यांना आठवण करून दिली, की त्या दिवशी थोड्याच वेळात तुम्ही मोडून पडलात आणि आपल्या साथीदाराचं नाव दिलंत. भर सभेत, कॅमेऱ्यांपुढे. छळणाऱ्याने दहा वर्षांनी, फक्त शब्दांनी, पुन्हा तोच डाव टाकला. १९९९ मध्ये त्याला माफीही मिळाली.

त्याच आयोगापुढे एमी बील या अमेरिकन विद्यार्थिनीचे आई-वडीलही आले होते. १९९३ मध्ये गुगुलेथूमध्ये जमावाने तिला मारलं होतं. त्यांनी मारेकऱ्यांच्या माफीला विरोध केला नाही, त्यांच्या घरच्यांशी हात मिळवला, आणि पुढे त्यातले दोघे मुलीच्या नावाने उभ्या केलेल्या संस्थेत कामाला लागले. आणि त्याच आयोगाविरुद्ध पोलीस कोठडीत जीव गेलेले वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी १९९६ मध्ये घटना न्यायालयाचं दार ठोठावलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, माफी देऊन आमचा न्याय मागायचा हक्कच तुम्ही काढून घेता आहात. न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही. मला तर बिको कुटुंबाचंच म्हणणं पटतं. एकाच छपराखाली तीन घरं, तीन तऱ्हा. आणि बेन्झीनच्या प्रसंगातून शिकायचं ते हे, की बक्षीस म्हणून माफी ठेवली आणि प्रेक्षक बसवले, की गुन्हेगार आपली बाजू मांडायला येतो, ऐकायला येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला, अगदी किरकोळ वाटणारी एक घटना आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं गाव. १९७४ मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्री गावभर धुडगूस घातला, गाड्यांचे टायर फाडले, काचा फोडल्या, २२ ठिकाणी नुकसान केलं. मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं, की यांना प्रत्येक घरी पाठवावं. न्यायाधीश आधी म्हणाले असं करता येत नाही, मग त्यांनी तेच केलं. दोघं पोरं एकेक दार ठोठावत गेली, मी तुमची काच फोडली म्हणून सांगत गेली, आणि यांत्झी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर बाजूला वही घेऊन उभे. काही महिन्यांत नुकसानभरपाई चुकती झाली. आधुनिक काळातल्या अशा भेटींची सुरुवात इथून मोजतात. माझ्या कसोटीला ही भेटही पूर्ण उतरत नाही, कारण दार ठोठावायचा हुकूम कोर्टाचा होता आणि दारामागच्या माणसाला आधी कुणी विचारलं नव्हतं. काच फुटली असेल तर ते चालून जातं. माणूस गेला असेल तर नाही. म्हणूनच नंतरच्या चांगल्या कार्यक्रमांत मधला माणूस दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळा भेटतो, पुन्हा पुन्हा भेटतो, गुन्हेगार सबबी सांगायच्या मनःस्थितीत असेल तर भेट होऊच देत नाही. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा भेटींचा मोठा अभ्यास केला, त्यात भाग घेतलेल्या पीडितांपैकी सुमारे ८५ टक्के समाधानी होते. हा आकडा मी टाळ्यांसाठी देत नाही. हे सगळे स्वतःहून यायला तयार झालेले लोक होते. जे तयार नव्हते त्यांच्याबद्दल हा आकडा काही सांगत नाही, आणि त्यांना ओढून आणलं असतं तर तो किती घसरला असता हे आपण समजू शकतो.

उरला तत्त्वाचा आक्षेप. गुन्हा हा राज्याविरुद्ध असतो, पीडिताची ती खासगी मालमत्ता नाही. त्याच्या इच्छेवर न्याय सोडला तर एकाला सूड मिळेल आणि दुसऱ्याला माफी. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी ठोठावली गेली तेव्हा मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या दोन मुलांनी ती रद्द करावी अशी विनंती केली. रामदासांनी तर नथुरामला तुरुंगात पत्र लिहिलं. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांनाही फाशी झाली. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, पण मुलांनी क्षमा केली एवढ्या कारणावरून राज्याने शिक्षा बदलायला हवी होती असं मी म्हणणार नाही. खून बापाचा होता तसा तो एका देशातल्या नागरिकाचाही होता. मात्र यातून रामदासांनी पत्र लिहायला नको होतं असं निघतं का? शिक्षा किती, हा प्रश्न राज्याचा. ‘तू हे का केलंस’ हा प्रश्न मुलाचा. पहिल्याचं उत्तर कोर्ट देतं. दुसरा प्रश्न कोर्टात विचारताच येत नाही, कारण तिथे आरोपीला गप्प राहायचा अधिकार असतो, आणि तो असलाच पाहिजे.

आणि म्हणून भेटीला क्षमेशी बांधून टाकू नये. आपल्याकडे, विशेषतः बाई पीडित असेल तर, तिने मोठ्या मनाने माफ करावं ही अपेक्षा हवेतच असते. माफ केलं की तिचा फोटो छापून येतो, केलं नाही की ती कडवट ठरते. ओडिशात मनोहरपूरला १९९९ मध्ये नवरा आणि दोन लहान मुलं जाळून मारली गेल्यावर ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली, आणि त्याचं कौतुक करताना आपण इतके रमलो की बाकीच्या विधवांपुढे आपण एक मोजपट्टी धरतो आहोत हे कळलंच नाही. भेटायला जाणाऱ्याला शिव्या द्यायला जायचं असेल, तर त्याने तेवढ्यासाठीही जावं. माझ्या भावाचे शेवटचे शब्द काय होते, त्याला पाणी दिलंस का, एवढंच विचारायचं असेल तर तेवढंच. पाच मिनिटांत उठून यावंसं वाटलं तर उठून यावं.

हे सारं आजही घडतं, पण कुणाच्या बाबतीत? १९ मार्च २००८ ला प्रियांका गांधी वेल्लोरच्या तुरुंगात जाऊन वडिलांच्या हत्येत दोषी ठरलेल्या नलिनीला भेटल्या. राजीव गांधींच्या हत्येला सतरा वर्षं होत आली होती. बातमी महिन्याभराने फुटली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की सोसलेल्या हिंसेशी आणि दुःखाशी मनाचा समेट करण्याची ही आपली खासगी वाट होती. ती वाट त्यांना मिळाली. सांगलीच्या किंवा परभणीच्या एखाद्या माणसाला आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला येरवड्यात भेटायचं असेल तर त्याने अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा? तुरुंगातल्या मुलाखती कैद्याच्या नातलगांसाठी आणि वकिलांसाठी असतात, आणि त्या कैद्याच्या सोयीच्या असतात. मधे जाळी किंवा काच, दोन्हीकडून आरडाओरडा, मागे रांग. तिथे हा प्रश्न विचारायचा कसा?

सुरुवात करायला फार मोठा कायदा लागत नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५अ आहे: जामीन, पॅरोल, सुटका, शिक्षा यांच्या सुनावणीत पीडिताला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि त्याला वेळेवर सूचना मिळाली पाहिजे. अंमलबजावणी रडतखडत होते, पण हक्क लिहिलेला आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पीडिताला कळवायचं बंधन पोलिसांवर घातलंय, आणि सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताचं ऐकावं लागतं. हे कलम १५अ सगळ्या गंभीर गुन्ह्यांना लावा. कैद्याची शिक्षा, बदली, पॅरोल, सुटका कळावी म्हणून पीडिताला नाव नोंदवू द्या, आणि त्याच अर्जावर एक ओळ ठेवा: भेट हवी असल्यास. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी दोन प्रशिक्षित माणसं असावीत. ती पोलीस खात्याची नसावीत, गावातली नसावीत आणि तुरुंग प्रशासनाची तर नसावीतच. कैद्याला नाही म्हणायची मोकळीक असावी, नाहीतर समोर पढवलेला पोपट बसेल. भेटीची नोंद त्याच्या वर्तणुकीच्या कागदांत जाऊ नये. आणि नियमांच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं असावं, की कोणतंही न्यायालय, मंडळ, समिती किंवा अधिकारी अशी भेट सुचवणार नाही, कारण साहेबांनी सुचवलेल्या गोष्टीला नाही म्हणणं आपल्याकडे किती लोकांना जमतं?